सांभाळणाऱ्यांची बाजू

आईबाप वारले, तुरुंगात गेले, व्यसनात बुडाले किंवा नुसतेच निघून गेले, तरी आपल्याकडे मूल सहसा उघड्यावर पडत नाही. आजी त्याला पदराखाली घेते, मामा येऊन घेऊन जातो, आत्या आपल्या दोन लेकरांशेजारी तिसरं ताट वाढते. ‘माय मरो पण मावशी जगो’ म्हणणाऱ्या समाजात याचं कुणाला नवल वाटत नाही, आणि म्हणूनच कुणी त्याचा कागद करत नाही. वर्ष-दोन वर्षं सगळं सुरळीत चालतं. मग कधी शाळेचा दाखला काढायचा असतो, कधी मुलाच्या नावाने बँकेत खातं उघडायचं असतं, कधी अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेआधी संमतीपत्रावर सही हवी असते. टेबलापलीकडून प्रश्न येतो, “तुम्ही मुलाच्या कोण?”

“आजी.”

“म्हणजे पालक नाही. पालकांना घेऊन या.”

पालक आणायचे कुठून, हे मात्र कुणी सांगत नाही.

हे पुस्तक त्या आजीसाठी आहे. तितकंच ते त्या परक्या कुटुंबांसाठीही आहे, ज्यांनी बाल कल्याण समितीच्या आदेशाने एखादं मूल काही काळासाठी घरात घेतलं, त्याचे ताप काढले, त्याला रात्री थोपटलं, आणि ज्यांना त्या मुलाचं पुढे काय करायचं या चर्चेत कुणी बसायला खुर्ची दिली नाही. अशा माणसांच्या बाजूने जिल्हा न्यायालयात आणि समितीपुढे उभी राहत आल्यामुळे माझं मत मी आडपडदा न ठेवता सांगते. सांभाळणाऱ्याला मुलावर मालकी नको, ती आईबापांनाही नसते. पण ज्याने मूल वाढवलं त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्या मुलाची जागा बदलू नये. आपल्या कायद्यात याचा आधार आहे, पण तो विखुरलेला आहे. तो एका ठिकाणी आणणं एवढंच या पुस्तकाचं काम.

नातेवाइकांना कायद्यात जागाच नाही, असा समज सामान्य माणसांत आहेच, वकिलांतही आहे. तो खरा नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा पालक कोणाला म्हणतो ते पाहा. मुलाची काळजी आणि ताबा ज्याच्याकडे आहे ती व्यक्ती पालक. नैसर्गिक पालक आणि न्यायालयाने नेमलेला पालक यांचा उल्लेख त्यानंतर, ‘यांचाही समावेश होतो’ अशा रीतीने येतो. म्हणजे सहा ते चौदा वयाच्या मुलाच्या प्रवेशाच्या अर्जावर सांभाळणाऱ्या आजीची सही शाळेला चालली पाहिजे. २०१५ चा बालन्याय अधिनियमही असंच म्हणतो, फक्त एक अट घालून: मुलाचा प्रत्यक्ष सांभाळ जिच्याकडे आहे असं समितीचं मत झालं आणि समितीने कामकाजात जिला तसं मानलं, ती व्यक्ती त्या मुलाची पालक. ही अट नीट वाचावी. नातं आपोआप हक्क देत नाही, समितीची मान्यता देते. म्हणून या पुस्तकात पानोपानी एकच आग्रह सापडेल, की मूल घरी आलं की लवकरात लवकर आदेश मिळवा.

यावर बहुतेक घरांतून एकच उत्तर येतं. “समितीकडे गेलं तर पोराला बालगृहात टाकतील.” ही भीती इतकी खोल आहे की लोक वर्षानुवर्षं सरकारी कचेरीची पायरी चढत नाहीत. कायद्याची भूमिका नेमकी उलटी आहे. अधिनियमाच्या तिसऱ्या कलमातली तत्त्वं सांगतात, की मुलाच्या सांभाळाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय. समिती म्हणजे एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत किमान एक महिला. त्यांना प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. मूल समितीपुढे आलं की सामाजिक तपासणी अहवाल मागवला जातो. कार्यकर्ता घरी येतो, शेजाऱ्यांना विचारतो, मुलाशी बोलतो. घर ठीक असेल तर समिती मूल तिथेच ठेवू शकते, आणि त्या घरातल्या माणसाला ‘योग्य व्यक्ती’ म्हणून मान्यता देऊ शकते. माझ्या अनुभवात जी घरं स्वतःहून समितीकडे गेली, त्यांच्याकडे बघण्याची समितीची नजर वेगळी असते. पोलिसांमुळे किंवा शेजाऱ्यांच्या तक्रारीमुळे जे घर समितीपुढे आलं, त्याला आधी स्वतःची बाजू सिद्ध करावी लागते.

आदेशाची आणि कागदाची गरज का पडते हे कळायला बीड जिल्ह्यातलं चित्र डोळ्यापुढे आणावं. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला नवरा-बायकोच्या जोड्या साखर कारखान्याकडे निघतात, आणि गावात म्हातारी माणसं व शाळकरी पोरं उरतात. चार-सहा महिने आजी हीच पोराची आई आणि बाप. ही सोय तात्पुरती असते म्हणून कागद नसतो, आणि तो नसला तरी चालतं, कारण उन्हाळ्यात आईबाप परत येतात. पण वाटेत ट्रॅक्टर उलटतो. किंवा बाप एकटाच परत येतो, दुसरं लग्न करतो, आणि पोरं आजीकडेच राहतात. तात्पुरती सोय कायमची कधी झाली याची तारीख कुणालाच सांगता येत नाही, आणि न्यायालय पहिला प्रश्न विचारतं तो तारखेचाच. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनंतर विदर्भ-मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत, आणि करोनानंतर शहरांतही, हेच घडलं. म्हणून साधे कागदही जपून ठेवावेत: शाळेचं बोनाफाईड, लसीकरणाचं कार्ड, दवाखान्याच्या पावत्या, शाळेची फी कोणी भरली त्याची नोंद, ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला. पुढे वाद झाला तर ‘मूल या तारखेपासून माझ्याकडे आहे’ हे याच चिठ्ठ्याचपाट्या सांगतात.

पैशाचा विषय मराठी माणूस शेवटी काढतो, मी मध्येच काढते. महाराष्ट्र शासनाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तीत मुलामागे महिन्याला पूर्वी ४२५ रुपये मिळत, मग १,१०० झाले, आणि २०२३ पासून २,२५० रुपये. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलाला महिना ४,००० रुपयांचं प्रायोजकत्व मिळू शकतं. त्याला कुटुंबाच्या उत्पन्नाची अट आहे, ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करायचा आणि बालसंगोपनाला समितीचा आदेश लागतो. नातवासाठी सरकारकडून पैसे घ्यायला अनेक आजी-आजोबांना कमीपणा वाटतो. तो वाटू नये. हा पैसा मुलाचा आहे, सांभाळणाऱ्यावरचा उपकार नाही.

आता न्यायालयाकडे वळते. समितीचा आदेश मुलाच्या काळजीपुरता असतो. मुलाच्या नावावर जमीन असेल, विम्याची रक्कम असेल किंवा आईबापांपैकी कुणी हयात असून वाद घालत असेल, तर १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली अर्ज करावा लागतो. जिथे मूल नेहमी राहतं तिथल्या जिल्हा न्यायालयात, किंवा कौटुंबिक न्यायालय असेल तर तिथे. हा कायदा कोणत्याही नातेवाइकाला अर्ज करू देतो, अगदी मित्रालाही. मात्र एकोणिसाव्या कलमाने वाट अडवली आहे: बाप किंवा आई हयात असेल आणि न्यायालयाच्या मते अपात्र नसेल, तर दुसरा पालक नेमता येत नाही. मालमत्तेबाबत तर आणखी सावध राहावं. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं अकरावं कलम सांगतं, की केवळ प्रत्यक्ष सांभाळ करतो म्हणून कुणाला मुलाची मालमत्ता विकता येत नाही. न्यायालयाने नेमलेल्या पालकालाही त्यासाठी परवानगी लागते. नातवाच्या औषधपाण्यासाठी त्याच्या वाट्याची गुंठाभर जमीन विकून बसलेले आजोबा पुढे त्याच नातवाकडून दाव्यात ओढले जातात, ते याच कलमामुळे. मन शुद्ध होतं, परवानगी नव्हती.

करोनात आईवडील दोघंही गेलेल्या मुलांच्या नावे राज्याने पाच लाखांची ठेव ठेवली, आणि केंद्राच्या पीएम केअर्स योजनेतून अठराव्या वर्षी दहा लाखांचा निधी उभा राहील अशी व्यवस्था झाली. मदत योग्यच होती. पण तिच्यामुळे काही घरांत आधी न दिसलेला जिव्हाळा अचानक उफाळून आला. खरी माया कुठली आणि ठेवीची माया कुठली, हे समितीने ओळखायचं ते मूल कुणाच्या घरात आधीपासून रुळलं आहे यावरून. ओळखायची दुसरी चांगली खूण मला आजवर सापडलेली नाही.

मूल वाढवणारे नातेवाईक आणि हयात पालक यांच्यातला वाद कसा सुटतो, हे कळायला सर्वोच्च न्यायालयाचा मे २०१९ चा एक निकाल बारकाईने वाचण्यासारखा आहे. प्रकरण महाराष्ट्रातलं, मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेलं. गरोदरपणातच आईला स्तनांचा कर्करोग असल्याचं कळलं. बाळ झालं आणि काही महिन्यांत बापही क्षयाने रुग्णालयात गेला. तान्ह्या मुलीला आईच्या माहेरच्यांनी उचललं आणि वाढवलं. आई गेली, बाप बरा झाला, त्याने मुलगी मागितली, माहेरच्यांनी नकार दिला. बापाने हेबियस कॉर्पसची, म्हणजे मुलीला न्यायालयापुढे हजर करायला लावणारी, याचिका केली. उच्च न्यायालयाने मुलगी बापाला दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. बाप नैसर्गिक पालक, त्याच्यात काही खोट नाही, त्याचा आजार बरा झालेला, आणि मुलीचं हित त्याच्याजवळ.

इथपर्यंत वाचून नातेवाईक निराश होतात, पण मी हा निकाल त्यांच्यापुढे ठेवते तो शेवटच्या परिच्छेदांसाठी. न्यायालयाने मुलीला एका झटक्यात उचलून नेऊ दिलं नाही. पहिले तीन महिने मुलीला वाढवणाऱ्या माहेरच्यांपैकी दोघांनी बापाच्याच घरी, रोज सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, मुलीजवळ राहायचं आणि त्यांची नीट सोय बापाने पाहायची. त्यानंतर शनिवारी आणि रविवारी दहा ते चार त्यांनी तिला भेटायला यायचं. मुलगी चार वर्षांची झाली की दर शनिवार-रविवारी अकरा ते पाच तिला बाहेर न्यायचं आणि पाचच्या आत परत सोडायचं. ज्या घरातल्या माणसांत बोलणं उरलं नव्हतं, त्यांना न्यायालयाने एका छताखाली दिवस काढायला लावलं, कारण दोन वर्षांच्याही न झालेल्या मुलीला ओळखीचा चेहरा एकाएकी नाहीसा होणं परवडणारं नव्हतं. ताबा हरला तरी मुलाच्या आयुष्यातली जागा मागता येते, ती मिळते, आणि ती तासांच्या हिशेबात मागावी, हे या निकालातून शिकायचं. ‘मुलाला भेटू द्यावं’ अशी मोघम विनंती करणारे अर्ज मी खूप पाहिले आहेत. त्यांवर मोघमच आदेश होतात, आणि मोघम आदेश पहिल्याच रविवारी बंद दारापुढे थांबतो.

प्रत्येक निकाल याच दिशेने गेला असं नाही. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका मुलाचा ताबा आईच्या आईवडिलांकडे राहू दिला. मुलाच्या आईच्या मृत्यूप्रकरणी बापावर हुंडाबळीचा खटला चालू होता, आणि मुलाने स्वतः आजी-आजोबांकडे राहायचं असं न्यायालयाला सांगितलं होतं. २०२२ मध्ये करोनाने आईबाप हिरावलेल्या अहमदाबादच्या मुलासाठी मावशी आणि बापाकडचे आजी-आजोबा आमनेसामने आले. उच्च न्यायालयाने मावशीचं वय, नोकरी आणि उत्पन्न तोललं. सर्वोच्च न्यायालयाने ते पुरेसं मानलं नाही आणि मुलगा आजी-आजोबांना दिला. उतारवय हे एकटं कारण आजीच्या विरोधात वापरता येत नाही, हा त्यातला माझ्या दृष्टीने मोलाचा भाग. मार्च २०२४ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने ओडिशा उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला. जुळ्यांपैकी एक मुलगी तान्हेपणीच नातेवाइकांकडे दिलेली होती आणि तिथेच सुमारे चौदा वर्षांची झाली होती. बापाचा दावा असूनही तिला तिच्या वाढलेल्या घरातून हलवू नये, असं न्यायालयाने ठरवलं. तिचं म्हणणं विचारलं गेलं होतं, आणि तिला तिथेच राहायचं होतं. या चारही निकालांत जिंकलेली बाजू वेगळी आहे, कसोटी मात्र एकच आहे, मुलाचं हित. म्हणून ‘माझा हक्क’ या शब्दांनी सुरू होणारा अर्ज सहसा दुबळा पडतो. मुलाची शाळा, त्याचा डॉक्टर, त्याचे मित्र, त्याची झोप आणि त्याची भीती यांनी सुरू होणारा अर्ज उभा राहतो.

परक्या कुटुंबांची, म्हणजे प्रतिपालकांची, गोष्ट आणखी नाजूक आहे. बालन्याय अधिनियमाचं ४४ वं कलम त्यांच्यासाठी आहे. समिती कुटुंबाची क्षमता, हेतू आणि अनुभव पाहून मूल सोपवते, भावंडं शक्यतो एकत्र ठेवते, आणि दर महिन्याला घराची पाहणी करते. शिक्षण, आरोग्य आणि पोषण ही कुटुंबाची जबाबदारी. आईबाप अपात्र ठरल्यामुळे मूल प्रतिपालकांकडे आलं असेल, तरी त्या आईबापांना ठरावीक काळाने येऊन मुलाला भेटता येतं. हे प्रतिपालकांना जड जातं. पण मूल तोडून न नेता सांभाळणं हाच या व्यवस्थेचा हेतू आहे. आईबाप सावरले तर मूल परत जाणार, हे पहिल्या दिवसापासून मनाला बजावलेलं बरं. जिथे परत जाणं शक्य नाही आणि मूल कायद्याने दत्तकासाठी मुक्त आहे, तिथे वाट आता जवळची झाली आहे. २०२४ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षं सांभाळल्यानंतर प्रतिपालक दत्तकासाठी अर्ज करू शकतात, पूर्वी त्यासाठी पाच वर्षं लागत. एकट्या व्यक्तींनाही, म्हणजे अविवाहित, विधवा वा घटस्फोटित असलेल्यांनाही, आता प्रतिपालक होता येतं. एकट्या पुरुषाला मात्र फक्त मुलगाच दिला जातो.

एक तांत्रिक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण तिच्यापायी मुदती हुकतात. समितीच्या बहुतेक आदेशांविरुद्ध तीस दिवसांत बाल न्यायालयात अपील करायचं असतं. प्रतिपालकत्व आणि प्रायोजकत्व यांविषयीच्या आदेशांवरचं अपील मात्र जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जातं, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे. चुकीच्या दारात अर्ज टाकून महिना घालवलेली प्रकरणं दुर्मीळ नाहीत.

माझी खरी तक्रार सुनावणीविषयी आहे. अधिनियमाच्या तत्त्वांत नैसर्गिक न्याय लिहिलेला आहे, म्हणजे न्याय्य सुनावणी आणि आदेशाचा फेरविचार. तरीही मूल हलवताना सांभाळणाऱ्यांना अनेकदा फक्त तारीख कळवली जाते. आपलं म्हणणं मांडा, असं कुणी सांगत नाही. अमेरिकेत हा प्रश्न जुना आहे. तिथे १९९७ च्या संघीय कायद्याने प्रतिपालक आणि सांभाळणारे नातेवाईक यांना मुलाच्या सुनावणीची सूचना आणि बोलण्याची संधी दिली, आणि २००६ मध्ये त्या संधीचा हक्क झाला. त्यामुळे ते खटल्यातले पक्षकार होत नाहीत, पण त्यांना न ऐकता पुढे जाता येत नाही. २००८ च्या कायद्याने असंही सांगितलं, की मूल आईबापांपासून काढलं की तीस दिवसांत आजी-आजोबा आणि इतर सज्ञान नातेवाइकांना शोधून कळवायचं. तिथली व्यवस्था आपल्याकडे जशीच्या तशी आणावी असं मी म्हणत नाही, तिथली मुलंही पुष्कळ सोसतात. पण या दोन तरतुदी आपल्या राज्याच्या नियमांत लिहिता येण्याजोग्या आहेत: मुलाची जागा बदलण्याआधी सांभाळणाऱ्याला लेखी नोटीस, आणि त्याचं म्हणणं आदेशात नोंदवून त्यावर समितीचं कारण. आत्ताही समितीपुढे बसलात तर आपलं लेखी म्हणणं द्या, त्याची पोच घ्या, आणि त्याचा उल्लेख आदेशात व्हावा अशी विनंती करा. नियम बदलेपर्यंत एवढं आपल्या हातात आहे.

पुस्तकाची रचना तीन भागांत केली आहे. पहिला भाग समितीपुढच्या कामाचा, दुसरा पालकत्वाच्या अर्जांचा, तिसरा नात्यातल्या दत्तकाचा. नात्यातलं दत्तक आजी-आजोबा, काका-काकू, आत्या, मामा आणि मावशी यांच्यापुरतंच आहे, आणि त्याचा आदेश २०२२ पासून जिल्हा दंडाधिकारी देतात. त्या भागात नमुना अर्ज दिले आहेत. ते तसेच नकलून देऊ नयेत. प्रत्येक ठिकाणी आपल्या मुलाच्या दिवसाचं वर्णन घालायला जागा सोडली आहे, ती भरल्याशिवाय अर्ज पुरा होत नाही.

वकिलाच्या फीची चिंता करणाऱ्यांसाठी एक सांगायचं आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमानुसार स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. म्हणजे अर्ज आजीच्या नावाने केला तर तिच्या घरची शेती किंवा पेन्शन आड येत नाही. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं आणि तालुक्याला समिती असते. मुलाचा जन्मदाखला, मृत्यूचे दाखले असतील तर ते, आणि मूल आपल्याकडे कधीपासून आहे ते सांगणारा शाळेचा एखादा कागद, एवढं घेऊन तिथे जावं. अर्ज लिहून देण्याचं काम तिथला वकील करतो.